भरती-ओहोटीमधलें रान

नाशिक किंवा सांगलीकडील एखाद्या द्राक्षबागाईतदाराच्या औषधांच्या खोलींत डोकावलें, तर डब्यांच्या आणि पुड्यांच्या ओळींत गडद तपकिरी, जवळजवळ काळ्याच रंगाच्या द्रवाची एक बाटली बहुधा दृष्टीस पडते. तो तिला 'सीवीड'चा अर्क म्हणतो. हा अर्क वेलीच्या पानांवर फवारतात, ठिबकाच्या पाण्यांतून मुळांशींहि सोडतात. वेलीनें जोम धरावा, उन्हाचा ताण सोसावा, एवढीच अपेक्षा. बाटलीवरील बारीक मजकूर वाचण्याइतकी चिकाटी कोणीं दाखविली, तर त्यांत पुष्कळदां एक अवघड नांव आढळतें : अॅस्कोफायलम नोडोसम.

हें एका समुद्रशेवाळाचें नांव आहे. पण तें शेवाळ भारताचा सारा किनारा पालथा घातला तरी सांपडणार नाहीं. त्याचें घर येथून हजारों मैल दूर, उत्तर अटलांटिक महासागराच्या थंड पाण्यांत आहे. त्या महासागराच्या पूर्व कांठावर नॉर्वेपासून पोर्तुगालच्या उत्तर भागापर्यंत, आणि पश्चिम कांठावर ग्रीनलंड व कॅनडापासून न्यूयॉर्कच्या आसपासपर्यंत तें खडकांना चिकटून वाढतें. मालवण-रत्नागिरीकडे ओहोटीच्या वेळीं खडकांवर लहान लहान हवेचे फुगे असलेलें सरगॅसम नांवाचें तपकिरी शेवाळ ज्यांनीं पाहिलें असेल, त्यांना या परदेशी शेवाळाची थोडीफार कल्पना येईल. दोन्हीं एकाच गणांतलीं, पण नातें दूरचें.

'अॅस्कोस' या ग्रीक शब्दाचा अर्थ चामड्याची पखाल. 'फायलम' म्हणजे पान आणि 'नोडोसम' म्हणजे गांठी असलेलें. लिनियस या स्वीडिश पंडितानें इ. स. १७५३ मध्यें वनस्पतींची मोजदाद केली, तेव्हां या शेवाळाच्या नांवांतला 'गांठी'चा भाग त्यानेंच दिला. पखालीचा भाग मागाहून आला. आयर्लंडांतील कोळी त्याला आपल्या भाषेंत नुसतें 'पिवळें शेवाळ' म्हणतात, तर नॉर्वेंतील शेतकरी तें डुकरांना चारीत, म्हणून तेथें त्याचें नांव 'डुकरांचें शेवाळ' असें पडलें आहे. मराठींत त्याला नांव नाहीं, आणि असण्याचें कारणहि नाहीं. या भाषणापुरतें त्यास 'गांठाळ' म्हणणें सोईचें होईल.

गांठाळ हें झाडासारखें दिसतें खरें. परंतु झाडांच्या, गवताच्या किंवा आपल्या विहिरींतल्या हिरव्या शेवाळाच्या कुळाशीं त्याचा निकटचा संबंध नाहीं. सूर्यप्रकाशावर अन्न तयार करण्याची विद्या त्याच्या पूर्वजांनीं निराळ्या वाटेनें मिळविली. समुद्रांत तरंगणाऱ्या आणि डोळ्यांना न दिसणाऱ्या डायाटम नांवाच्या सूक्ष्म जीवांशीं त्याचें रक्त अधिक जवळचें. त्याच्या अंगांत हरितद्रव्य आहेच, पण त्यावर एका तपकिरी रंगद्रव्याचा पडदा असतो. त्याचा तुकडा उकळत्या पाण्यांत टाकला, कीं हा पडदा ढळतो आणि तपकिरी शेवाळ पाहतां पाहतां हिरवें होतें. त्याला मूळहि नाहीं. खडकाला घट्ट चिकटलेली एक चकती असते, ती फक्त धरून ठेवण्याचें काम करते. अन्न-पाणी तें साऱ्या अंगानें घेतें.

तें राहतें कोठें, यांतच त्याच्या आयुष्याची सगळी कसोटी आहे. भरतीची वरची रेषा आणि ओहोटीची खालची रेषा यांमधला जो पट्टा, त्याच्या साधारण मध्यावर गांठाळाची वस्ती असते. दिवसांतून दोनदां समुद्र त्याला पोटांत घेतो आणि दोनदां उघड्यावर टाकून जातो. पाणी असतें तेव्हां फुगे वर ओढतात, फांद्या ताठ उभ्या राहतात आणि खडकावर माणसाच्या उंचीचें डोलतें रान तयार होतें. त्यांतून मासे हिंडतात. सहा तासांनीं पाणी ओसरलें, कीं तेंच रान आडवें पडतें आणि ओल्या घोंगडीसारखें खडकावर पसरतें. वरच्या थरांतल्या फांद्या उन्हाळ्यांत वाळून काळ्या व कडक होतात, हिंवाळ्यांत त्यांच्यावर बर्फ जमतें. अंगांतलें निम्म्याहून अधिक पाणी गेलें तरी गांठाळ मरत नाहीं. भरती परत आली, कीं तें पाणी पिऊन पुन्हां कामाला लागतें. घोंगडीच्या खालीं मात्र ओल टिकते, ऊन पोंचत नाहीं. खेंकडे, शिंपले, गोगलगाई, माशांचीं पिलें, नाजुक तांबडीं शेवाळें अशी कितीतरी मंडळी या पांघरुणाखालीं पुढच्या भरतीची वाट पाहत असतात.

आतां त्या फुग्यांविषयीं. गांठाळाची फांदी दरवर्षीं शेंड्याशीं एक नवा फुगा धरते. एक फांदी, एक वर्ष, एक फुगा. पहिला फुगा यावयासच कांहीं वर्षें लागतात. पुढें मात्र हा क्रम सहसा चुकत नाहीं. म्हणून ज्याप्रमाणें तोडलेल्या सागाच्या ओंडक्यावरील वर्तुळें मोजतात, त्याप्रमाणें ओहोटीच्या वेळीं खडकावर बसून फांदीवरील फुगे मोजावे, आणि वर दोन-चार वर्षें मिळवावीं, म्हणजे तिचें वय कळतें. दहा-पंधरा फुग्यांच्या फांद्या शांत खाड्यांतून दुर्मिळ नाहींत. शिवाय हें वय झालें केवळ फांदीचें. फांदी लाटेनें तुटली, तर बुडाच्या चकतीवर सांवलींत दबून राहिलेले कोंब प्रकाश मिळतांच वर येतात. अशा रीतीनें एकच चकती एकामागून एक फांद्या सोडीत अनेक दशकें खडकावर ठाण मांडून बसते. आजोबांनीं पाहिलेलें गांठाळ नातवाच्या हातीं लागावें, यांत अशक्य कांहीं नाहीं.

ही चिकाटी त्याला हवीच असते. कारण संततीच्या बाबतींत गांठाळ फार दुर्दैवी आहे. त्याच्यांत नर व मादी निरनिराळीं असतात. वसंतांत फांद्यांना बाजूनें लहान देंठांवर मनुकांसारखे पिंवळसर फुगीर कोश येतात. नर कोश जरा नारिंगी, मादी कोश हिरवट. त्यांतून अंडीं आणि शुक्रबीजें पाण्यांत सुटतात. प्रत्येक अंडकोशांत अंडीं चार. शेजारच्या फ्यूकस नांवाच्या भाऊबंदाच्या कोशांत आठ. अंडीं पाण्यांत एक गंधद्रव्य सोडतात आणि त्या वासाच्या मागानें शुक्रबीजें पोहत येतात. अशा एका वसंतांत एका किनाऱ्यावर जन्मणाऱ्या गर्भांची संख्या अफाट असते. गर्भ तळाशीं जातो, प्रकाश कोणत्या बाजूनें येतो हें ओळखतो आणि अंधाऱ्या बाजूस आपलें धरून ठेवणारें टोंक फोडतो. येथपर्यंत सर्व ठीक. परंतु खडकाला पक्कें चिकटण्यापूर्वींच एखादी बेताची लाट येते आणि नुकत्याच बसलेल्या गर्भांपैकीं बहुतेक धुवून नेते. अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यावर हें प्रयोगानें पाहिलेलें आहे. वादळाची मुळींच गरज नसते. जे उरतात त्यांना गोगलगाई चरून टाकतात, ऊन सुकवितें, आणि यांतूनहि सुटलेल्यांना थोरल्या फांद्यांची दाट सांवली वाढूं देत नाहीं. पुष्कळ किनाऱ्यांवर वर्षेंच्या वर्षें शोधूनहि नवें बाळ-गांठाळ दृष्टीस पडत नाहीं. म्हणून ज्या खाडींत लाटांचा मारा कमी, तेथेंच हें रान माजतें, आणि तें माजतें तें जन्मांच्या जोरावर नव्हे, तर न मरण्याच्या जोरावर.

इतकीं वर्षें एका जागीं राहणाऱ्याच्या अंगावर बिऱ्हाडकरू जमणारच. त्यांतला एक तर शरीराच्या आंतच राहतो. गांठाळाच्या पेशींमधून एका बुरशीचे तंतु पसरलेले असतात, आणि वाढलेलें गांठाळ या बुरशीवांचून आढळत नाहीं. बुरशीचीं बीजें पिकतात तींहि गांठाळाच्या बीजकोशांतच. कॅनडांतील नोव्हा स्कोशियाच्या संशोधकांनीं असें पाहिलें, कीं बुरशीची सोबत मिळालेलीं पिलें सुकण्याला अधिक टक्कर देतात. दगडफुलामध्यें बुरशी घरधनी असते आणि शेवाळ तिच्या आश्रयाला. येथें नेमकें उलट आहे. दुसरें बिऱ्हाड तांबड्या शेवाळाच्या झुपक्यांचें. हें तांबडें शेवाळ जवळजवळ केवळ गांठाळावरच वाढतें, आणि त्याच्या फांदीच्या जखमांतून व खांचांतून आपले तंतु आंत घुसवितें. बाकीच्या आगंतुकांना घालवून देण्यासाठीं गांठाळ एक युक्ति करतें : सापाप्रमाणें कांत टाकतें. त्वचेचा वरचा थर पापुद्र्यासारखा निघून जातो आणि त्यावर बसलेले पाहुणेहि त्याच्याबरोबर वाहून जातात. तांबड्या झुपक्याचे तंतु खोल रुतलेले असल्यामुळें तो मात्र या झाडाझडतींतून सुटतो.

गांठाळाची खरी शेजारीण म्हणजे चपटी समुद्रगोगलगाय. तिची पिंवळी-हिरवट गुळगुळीत पाठ हुबेहूब गांठाळाच्या फुग्यासारखी दिसते, इतकी कीं नवख्याच्या हाताला फुगा म्हणून गोगलगाय लागते. ती अंडीं घालते तीं या फांद्यांवरच, चिकट लगद्यांत. आणि तिचीं पिलें पाण्यांत पोहत दूर न जातां तेथेंच रांगूं लागतात. म्हणजे जन्म, भोजन आणि संसार सारें एकाच घरीं. तिच्या चरण्याला गांठाळ उत्तर देतें तें चवीनें. हिरडा चघळला किंवा बाभळीची साल तोंडांत धरली, कीं जीभ आंखडते. त्याच जातीचीं तुरट द्रव्यें गांठाळाच्या अंगांत असतात, आणि गोगलगाय चरूं लागली, कीं त्यांचें प्रमाण वाढतें. स्वीडनच्या पश्चिम किनाऱ्यावरील शास्त्रज्ञांनीं इ. स. २००० मध्यें याहून नवलाची गोष्ट प्रसिद्ध केली. गोगलगाई चरत असलेल्या गांठाळावरून आलेलें पाणी दुसऱ्या, अजून न चरलेल्या गांठाळावर सोडलें, तर तेंहि आधींच तुरट होऊं लागतें. शेजाऱ्यावर आलेल्या संकटाची वार्ता पाणी आणतें, असाच याचा अर्थ. मात्र त्याच सुमाराच्या दुसऱ्या एका प्रयोगांत शास्त्रज्ञांनीं गोगलगाईच्या ऐवजीं स्वतःच फांदी कापून पाहिली, तेव्हां असा फरक पडला नाहीं. गोगलगाईचा दांत गांठाळ ओळखतें. हत्याराची धार त्याला अनोळखी आहे.

आणि हत्यार तर त्याच्यावर तीनशें वर्षें चाललेलें आहे. अठराव्या शतकांत स्कॉटलंडच्या उत्तरेकडील ऑर्कनी बेटांवर आणि पश्चिमेच्या बेटांवर शेवाळ कापून, वाळवून, दगडांच्या खड्ड्यांत जाळण्याचा धंदा भरभराटीला आला. वीस-एक टन ओल्या शेवाळाची एक टन राख होई, आणि तिच्यांतला सोडा कांच व साबण करणाऱ्यांना लागे. धूर आणि मेहनत कुळांच्या वांट्याला, नफा जमीनदारांच्या. परदेशी सोडा स्वस्त झाल्यावर हा धंदा बसला. याच जातीच्या राखेशीं फ्रान्समध्यें खटपट करतांना कूर्त्वा या रसायनकारास इ. स. १८११ मध्यें जांभळी वाफ दिसली, तें आयोडीन. पुढें १८८१ च्या सुमारास स्टॅनफर्ड यानें तपकिरी शेवाळांतून अल्जिन काढलें. दंतवैद्य दांतांचा ठसा घेण्यासाठीं जो मऊ लगदा तोंडांत दाबून धरतो, तो आजहि अल्जिनचाच असतो. आइसलंडांत रेखोलार येथें १९७५ पासून जमिनींतून निघणाऱ्या ऊन पाण्याच्या उष्णतेवर गांठाळ वाळवितात. आणि सांप्रत सर्वांत मोठी मागणी शेतीच्या अर्काची. दळलेलें शेवाळ पोटॅशच्या अल्कलीबरोबर शिजवून हा अर्क बहुधा काढतात. तें खत नव्हे. त्यांतील नत्र-स्फुरद इतकें थोडें, कीं त्याच्या बळावर द्राक्षाचा घड भरणार नाहीं. वनस्पतीच्या स्वतःच्या यंत्रणेला चालना देणें एवढेंच त्याचें काम, आणि तें पीक, हवा व मात्रा यांप्रमाणें कमीजास्त होतें. बाटलीवरील जाहिरातीवर सर्वस्वीं विसंबूं नये. भारत सरकारनें इ. स. २०२१ मध्यें अशा जैव-उत्तेजकांना खत नियंत्रण आदेशाखालीं आणलें, तें योग्यच झालें.

मागणी वाढली म्हणजे प्रश्न येतो तोडीचा. गांठाळ फांदीच्या मध्यावर कापलें, तर बुंधा फुटतो आणि तीन-चार किंवा पांच वर्षांत वजन पुष्कळसें भरून येतें. परंतु चकतीसकट उपटलें, तर काय होतें? आयरिश समुद्रांतील आइल ऑफ मॅन बेटावर संशोधकांनीं खडकाच्या कांहीं तुकड्यांवरील सारें गांठाळ मुद्दाम काढून टाकलें आणि वाट पाहिली. त्या जागीं लवकर वाढणारें फ्यूकस आलें, खडकाला चिकटून चरणारे शिंपले वाढले, सांवलींतलीं तांबडीं शेवाळें कमी झालीं. बारा वर्षें उलटलीं, तरी गांठाळाचें रान पूर्वपदावर आलेलें नव्हतें.

म्हणून कायदे निघाले. कॅनडाच्या न्यू ब्रन्सविक प्रांतांत एका वर्षांत एकूण उभ्या मालाच्या शेंकडा १७ हून अधिक तोडावयाची नाहीं. अमेरिकेच्या मेन राज्यांत खडकापासून निदान १६ इंच बुंधा राखून वरचेंच कापावें लागतें. हे नियम समंजस आहेत. तथापि वजन भरून आलें म्हणजे रान भरून आलें, असें म्हणतां येत नाहीं. कापलेलें गांठाळ झुडुपासारखें ठेंगणें व दाट होतें. आयडर बदकांचीं पिलें भरतीच्या वेळीं याच फांद्यांमध्यें किडे टिपतात आणि मासळीचीं पोरें याच उंचीच्या आडोशानें वाढतात. त्यांना ठेंगणें रान कितपत मानवतें, यावर कापणारे आणि राखणारे यांचा वाद अद्याप मिटलेला नाहीं.

याहून जुना वाद मालकीचा. मेनमध्यें तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. तेथील समुद्रकांठच्या जमिनीचा मालक ओहोटीच्या रेषेपर्यंतच्या खडकाचाहि मालक असतो. पण इंग्रज वसाहतीच्या काळांतील, इ. स. १६४० नंतरच्या दशकांतल्या एका फर्मानानें त्या पट्ट्यांत मासे धरणें, पक्षी मारणें आणि होडी हांकणें हे तीन हक्क सर्वांसाठीं राखून ठेवलेले आहेत. कॅनडांतील एक कंपनी होड्या घेऊन येई आणि खासगी किनाऱ्यांवरील गांठाळ कापून नेई. मालक फिर्यादीस गेले. शेवाळ कापणें ही मासेमारी आहे किंवा नाहीं, एवढ्यावर सारा दावा येऊन ठेपला. हा प्रश्न वाटतो तितका हास्यास्पद नाहीं. कारण चिखलांतले शिंपले आणि गळाला लावण्याचे किडे खणणें हेंसुद्धां तेथें पूर्वीं मासेमारींत धरलें गेलें होतें. २८ मार्च २०१९ रोजीं न्यायालयानें निकाल दिला : गांठाळ उन्हावर जगतें आणि एकदां खडकाला चिकटलें म्हणजे हलत नाहीं, सबब तें मासा नव्हे, ज्याचा खडक त्याचें शेवाळ. तेव्हांपासून तेथें कापणाऱ्याला किनाऱ्याच्या मालकाची परवानगी मिळवावी लागते. लाटेनें सुटून किनाऱ्यास लागलेल्या शेवाळाची गोष्ट निराळी. निकाल खडकाला चिकटून असलेल्याविषयीं होता.

आयर्लंडच्या पश्चिमेस कोनेमारा प्रांतांत रीत याहून जुनी आहे. तेथें कित्येक घराण्यांच्या जमिनीच्या दस्तऐवजांतच शेवाळ तोडण्याचा हक्क नोंदलेला असतो, आणि बापाचा कांठ मुलाकडे येतो. ओहोटी लागली, कीं तोडणारा विळा घेऊन खडकावर उतरतो. फांद्या मुठींत धरून तो बुंध्याच्या वर वीतभर अंतर ठेवून कापतो आणि ढीग रचतो. ढिगाभोंवतीं दोर आवळतो, आणि मग त्याला कांहीं करावें लागत नाहीं. पाणी चढूं लागतें, कापलेल्या गांठाळाचे फुगे आपलें नेहमींचें काम करतात, आणि टनांच्या वजनाचा तो ढीग अलगद तरंगूं लागतो. त्या तराफ्याला ते लोक 'क्लिमीन' म्हणतात. होडीला बांधून तो धक्क्याकडे ओढीत नेतात. त्या खडकाकडे पुढें तीन-चार वर्षें विळा वळत नाहीं. पाण्याखालीं वीतभर उंचीचे बुंधे तेवढे उरलेले असतात.